कॅम्पर गाडीतला पंप टर्रटर्र करतो, नळाला धार नाही. पंप बदलू का?

भिरभिरे
मंडळी, सध्या गुहागरात मुक्काम आहे. गाडी म्हणजे लांब ट्रॅव्हलर, आतून घर करून घेतलेली. मागच्या पलंगाखाली १०० लिटरची टाकी, तिच्या शेजारी १२ व्होल्टचा डायफ्राम (रबरी पडद्याचा) पंप. स्टिकरवर मिनिटाला ११ लिटर आणि ४५ पीएसआय (दाबाचं माप) असं लिहिलंय. त्याच्यावर स्वयंपाकाचा नळ, न्हाणीतला शॉवर, जेट स्प्रे आणि मागच्या दाराशी वाळूचे पाय धुवायला एक हँडशॉवर.

ताम्हिणी उतरून श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याहून फेरीने वेसवी, मग केळशी, आंजर्ले, दापोली आणि दाभोळहून धोपावे असे आलो. पाणी मिळेल तिथे भरत आलो. आता तक्रारी अशा:

स्वयंपाकाच्या नळाला धार म्हणावी असं काही उरलेलं नाही. नळ उघडला की पंप सलग चालत नाही, टर्र करतो, थांबतो, परत टर्र. मागच्या हँडशॉवरला मात्र पाणी बऱ्यापैकी येतं, फक्त मधूनच फुसफुस करत हवा येते. आणि रात्री सगळे नळ बंद असताना पंप मध्येच एकदा टर्र करतो आणि गप्प बसतो. बायकोच्या मते ही तिसरी तक्रार प्लंबरकडे नेण्यासारखी नाही, देवळात नेण्यासारखी आहे.

इथल्या एका मेकॅनिकने बघून 'पंप गेला, नवा मागवा' असं सांगितलं. मागवला तर यायला वेळ लागणार, आणि पुढे हेदवी, जयगड, गणपतीपुळे करत मालवण गाठायचंय. पंप खरंच गेलाय का?

निवांत
भूत पाणी वापरतं म्हणजे स्वच्छतेचं दिसतंय. राहू द्या.

आगबोट
पंप मागवू नका. आधी हे वाचा.

पंप टर्र करून थांबतो, याचा अर्थ तो दाब तयार करतोय. त्याच्या डोक्यात प्रेशर स्विच असतो. पुढे ४५ पीएसआय झाले की स्विच पंप बंद करतो, दाब उतरला की पुन्हा चालू करतो. फाटलेल्या डायफ्रामचा पंप ४५ पर्यंत पोचणारच नाही, तो नुसता चालत राहील. तुमचा लगेच पोचतो, म्हणजे पाण्याला पुढे जायला वाट नाही. अडथळा पंपाच्या पुढे आहे. आणि हँडशॉवरला पाणी बरं येतं, म्हणजे तो अडथळा फक्त स्वयंपाकाच्या नळाच्या वाटेवर आहे.

नळाच्या तोंडाशी जी जाळी असते ती फिरवून काढा. फडकं गुंडाळून पकडीने धरा, नाहीतर क्रोम उडेल. जाळी न लावता नळ उघडा आणि पंपाचा आवाज ऐका. सलग चालला तर तुमचे नव्या पंपाचे पैसे वाचले.

हवा आणि रात्रीचा आवाज हे दोन वेगळे रोग आहेत. तिन्हीला एकच औषध शोधू नका.

डोंगरमाथा
मुळात १२ व्होल्टचा पंप हवाच कशाला? टाकी टपावर ठेवा. वीज नको, आवाज नको, भूत नको. आपल्या सगळ्या इमारती गच्चीवरच्या टाकीवरच चालतात ना?

आगबोट
@डोंगरमाथा, इमारतीला उंची असते. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण १४ पीएसआय. गाडीच्या टपापासून स्वयंपाकाच्या नळापर्यंत अंतर मीटर-सव्वा मीटर, म्हणजे दोन पीएसआयसुद्धा नाहीत. भांडं कसंबसं विसळून होईल. शॉवरचं तोंड तर टाकीच्या तळाच्या जवळजवळ पातळीत येतं, तिथे थेंब मोजत बसा. ४५ पीएसआय उंचीने मिळवायचे तर टाकी ३० मीटर वर न्यावी लागेल. आणि टपावर १०० किलो पाणी हिंदकळत असताना कुंभार्ली घाट उतरून दाखवा.

डोंगरमाथा
आम्ही टपावर काळा पाइप लावतो, दोन्ही टोकांना बुचं. दिवसभर तापतो, संध्याकाळी गरम पाण्याने आंघोळ होते. ४५ पीएसआयची चैन तुम्हाला लखलाभ.

कर्दळ
काळ्या पाइपात सायकलच्या पंपाने थोडी हवा भरली की धार चांगली येते, तेही जोडून टाका डोंगरमाथा. म्हणजे शेवटी पंप लागलाच.

मालवणी_मसालो
हवा खाता हा तो पंप. पयलो टाकीकडचो जोड बघ. आणि मालवणाक येशीत तेव्हा पाण्याची टाकी रिकामी आण, माशे भरून न्हे.

भिरभिरे
@आगबोट, दंडवत! जाळी काढली. आत तांबडा गाळ, पांढरे कडक कण आणि पांढऱ्या टेफ्लॉन टेपच्या चिंध्या. जाळीशिवाय नळ उघडला तर सिंकमधून पाणी उडून ओटा भिजला. पंप सलग चालतोय. मेकॅनिककडे परत गेलो नाही, उगाच त्याला वाईट वाटायचं.

जाळी कशाने साफ करू? आणि हवा अजून येतेच आहे.

शिळोप्या
आगळात बुडवा. नंतर त्याच आगळाची सोलकढी करू नका इतकंच.

कर्दळ
शिळोप्याचा विनोद आहे, पण आंबट लागतंच. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर, कोमट पाण्यात अर्धा तास, मग जुन्या टूथब्रशने घासा. रात्रभर ठेवू नका, क्रोमचा थर खराब होतो. टेपच्या चिंध्या चिमट्यानेच काढा, त्या कशानेही विरघळत नाहीत. गाडी बांधणाऱ्याने जोडाच्या पहिल्या आट्यावरून टेप बाहेर येऊ दिलेली असणार. पाइपच्या तोंडाशी एक-दोन आटे सोडून टेप गुंडाळायची असते. आत लोंबलेली टेप तुटते आणि पहिल्या जाळीत जाऊन बसते. म्हणजे हे परत होणार आहे. जास्तीची एक जाळी जवळ ठेवा.

हेदवीची_बाग
भिरभिरे, तुमच्या जाळीत सगळा प्रवास दिसतोय. तांबडा गाळ आमच्याकडचा, जांभ्यातला. लोहाचा अंश असतो, टाकीच्या तळाशी बसतो. पांढरे कडक कण आमचे नव्हेत. आमचं विहिरीचं पाणी तसं मऊ, साबणाला भरपूर फेस येतो. तो क्षार देशावरच्या बोअरचा, तुम्ही निघताना भरून आणलेला. टाकीत जुना साठला असेल तर घाटातल्या हिंदकळण्याने सुटून आला असणार.

खाडीकाठी भरणार असाल तर आधी ओंजळभर चाखून बघा. उन्हाळ्यात काठच्या विहिरी मचूळ होतात. ते पाणी गाळ सोडत नाही, पण क्लिपा आणि पितळेचे जोड खातं.

आता हवेचं. आम्ही बागेत पंप वापरणारे लोक हा रोग ओळखतो. ओढीच्या पाइपाला बारीकशी फट असली तर विहिरीत पाणी असूनही पंप हवा ओढतो. गंमत अशी की त्या फटीतून पाणी गळत नाही. बाहेरून सगळं कोरडं, म्हणून माणूस तिथे बघतच नाही. तुमचा टाकी ते पंप हा तुकडा बघा. मालवणी मसाला बरोबर बोलतोय.

मालवणी_मसालो
माका कोण इचारता.

आगबोट
पंपाच्या तोंडाशी एक पारदर्शक गाळणी असेल, फिरवून उघडणारी. तिच्या झाकणाखालची रबरी रिंग बघा. वाळूचा एक कण अडकला तरी हवा आत जाते. रिंग पुसून किंचित सिलिकॉन ग्रीस लावा आणि झाकण हातानेच आवळा. पकडीने आवळलंत तर प्लास्टिक तडकेल, मग खरंच कुरिअरची वाट बघावी लागेल.

तरीही कळलं नाही तर बादली लावा. पंपाचा टाकीकडचा पाइप काढून दुसरा आखूड पाइप लावायचा आणि तो शेजारच्या भरल्या बादलीत सोडायचा. हवा थांबली तर दोष टाकीच्या बाजूला. नाही थांबली तर पंपाकडे किंवा गाळणीत. धार मोजायची असेल तर पंपाचा पुढचा पाइपही काढून रिकाम्या बादलीत सोडा आणि घड्याळ लावा. ११ लिटरचा पंप १० लिटरची बादली मिनिटाच्या आसपास भरतो. दोन मिनिटं लागली तर पंप, गाळणी किंवा वीज यांपैकी काहीतरी कमी पडतंय.

जोडतार
अखेर कोणीतरी विजेचं नाव काढलं. कोकणातल्या गाडीत मी पाण्याच्या आधी तार बघतो. खारा वारा लग (तारेच्या टोकाचे धातूचे जोड) आणि फ्यूजच्या पात्या खातो. हिरवट-पांढरी पावडर दिसली की समजायचं.

बॅटरी पुढे आणि पंप मागे, सहा मीटर अंतर धरा. जाऊन-येऊन १२ मीटर तार. गाडी बांधणारे लोक सर्रास एक (स्क्वेअर) एमएमची तार टाकतात. तिचा रोध १२ मीटरला ०.२ ओहमच्या थोडा वर. पंपाने ७ ॲम्पिअर घेतले की दीड व्होल्ट वाटेतच संपले. पंपाला मिळतात ११, तो सुस्त चालतो, आणि आपण म्हणतो पंप गेला. त्याच जागी अडीच एमएमची तार असेल तर नुकसान ०.६ व्होल्टवर येतं.

मोजायचं कसं: नळ पूर्ण उघडा, पंप चालू असताना मल्टिमीटरने बॅटरीवर मोजा, मग पंपाच्या दोन तारांवर मोजा. पंप बंद असताना मोजून काही उपयोग नाही, करंटच नाही तर व्होल्ट पडणार कुठून?

आगबोट
@जोडतार, मान्य, पण यांचा पंप ४५ ला पोचत होता. विजेचा दोष मूळ तक्रारीत नाही.

जोडतार
थांबत होता, कारण नळ तुंबलेला होता. तुंबलेल्या नळावर सुस्त पंपसुद्धा ४५ ला पोचतो. नळ मोकळा झाल्यावर तो किती देतो हे आता कळेल. मोजायला काय जातंय?

टिंबटिंब
दोघांत पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

कर्दळ
रात्रीच्या भुताबद्दल. भिरभिरे, तुमच्याकडे जेट स्प्रे आहे असं वर लिहिलंत. तोच.

घरात जेट स्प्रेवर कमी दाब असतो. चारमजली इमारतीच्या तळमजल्यालासुद्धा गच्चीवरून १५-१७ पीएसआयच मिळतात. गाडीत तो चोवीस तास ४५ वर तंगलेला. आतला वॉशर हळूहळू हार मानतो आणि एकेक थेंब संडासाच्या भांड्यात पडतो. जमीन कोरडी, कपाट कोरडं, म्हणून गळती सापडत नाही. दाब पुरेसा उतरला की पंप एकदा टर्र करतो. आमच्या गाडीत आम्ही सिंकखालचे जोड किती वेळा टिश्यू पेपरने पुसून बघितले. तिकडे काहीच नव्हतं.

झोपताना जेट स्प्रेचा कोपरा कॉक बंद करा. रात्र शांत गेली तर सापडलं. तरीही टर्र झाली तर पंपाच्या पुढे एक छोटा बॉल व्हॉल्व्ह बसवा आणि तो बंद करून ऐका. बंद व्हॉल्व्हवरही पंप उठत असेल तर त्याच्या आतला एकदिशा पडदा पाणी मागे टाकीत सोडतोय. तिथे मात्र पंपाचं डोकं किंवा पंप बदलावा लागेल.

निवांत
आणि काही असो, झोपताना आणि गाडी सोडून जाताना पंपाचा स्विच बंद करा. जेट स्प्रेचा पाइप फुटला तर १०० लिटर गाडीत.

पाटपाणी
माझ्या मेहुण्याने घरच्या आरओ फिल्टरमधला पंप गाडीला लावला होता. 'तोही डायफ्रामचाच आहे ना' म्हणे. तासाला १२-१५ लिटर गाळणाऱ्या यंत्राच्या पंपावर आंघोळ म्हणजे अभिषेकपात्राखाली बसणं. महाशिवरात्रीला त्याला सगळे फोन करतात.

भिरभिरे
पाटपाणी, हे वाचून बायको अजून हसतेय.

अहवाल. कर्दळताई, तुम्ही जिंकलात. जेट स्प्रेचा कॉक बंद केला आणि रात्रभर चिडीचूप. सकाळी उघडला, तोंडाखाली कोरडा कागद धरला, ओला झाला. इथल्या हार्डवेअरच्या दुकानात पितळी पोटाचा नवा मिळाला.

गाळणीच्या रिंगमध्ये वाळू होती. पुसून लावली. हवा नव्वद टक्के गेली. पण हँडशॉवर बराच वेळ चालवला की धार हळूहळू मंदावते. थांबून पुन्हा सुरू केला की परत ठीक. हे काय नवीन?

हेदवीची_बाग
टाकीचं भरायचं झाकण उघडं ठेवून हँडशॉवर चालवा. फरक पडला तर टाकीची हवेची नळी तुंबली आहे. पाणी बाहेर जातं तेवढी हवा आत यायला हवी, नाहीतर टाकीत ओढ तयार होते आणि पंप तिच्याशी झगडत राहतो. नळीचं तोंड बाहेर, गाडीखाली किंवा बाजूला असेल. आमच्याकडे अशा भोकांत कुंभारीण माशी मातीचं घर करते. दोन मुक्काम एका जागी केलेत की पुरे.

जोडतार
आणि मोजलंत का?

भिरभिरे
कुंभारीणच! नळीच्या तोंडाशी बोटाच्या पेराएवढं मातीचं बूच होतं. तारेने काढलं. बाईंचा संसार मोडला, माफी असावी. तोंडाला बारीक जाळीचा तुकडा बांधलाय.

@जोडतार, मोजलं. पंप चालू असताना बॅटरीवर १२.६, पंपावर ११.२.

जोडतार
😌

लग उघडा, पॉलिश पेपरने घासा, परत मोजा. १२ च्या जवळ आलं तर गंज होता. नाही आलं तर तार बारीक आहे, परत गेल्यावर चार एमएमची टाका. बोटींना वापरतात तशी कथील चढवलेली तांब्याची मिळाली तर उत्तम, किनाऱ्यावर साधी तार आतून काळी पडते. जोडावर गोंदवाली हीटश्रिंक (तापवली की आवळणारी) नळी चढवा. आणि कृपा करून फ्यूज मोठा टाकू नका. बारीक तारेवर मोठा फ्यूज म्हणजे फ्यूज शाबूत आणि तार पेटलेली.

आगबोट
जोडतार, चहा माझ्याकडून.

रानवाट
एवढं करण्यापेक्षा ५५ पीएसआयचा मोठा पंप टाकून मोकळं व्हावं. आम्ही तेच केलं, शॉवर हॉटेलसारखा येतो.

कर्दळ
आणि टाकी किती वेळात रिकामी होते हॉटेलसारखी? १०० लिटरमध्ये चार माणसांचे दोन दिवस काढायचे तर धार जोरात असण्यापेक्षा सारखी असणं महत्त्वाचं. शिवाय ५५ वर आधी जेट स्प्रे जाईल, मग प्लास्टिकचे पुश जोड. त्यापेक्षा पंपाच्या पुढे लिटरभराची छोटी दाबाची टाकी बसवा. तिच्या आत रबरी पडदा, एका बाजूला हवा. थोडं पाणी ती स्वतः देते, पंप सारखा उठत नाही. हवेचा दाब पंप ज्या दाबाला चालू होतो त्याच्या जरा खाली ठेवायचा. पंप बंद, नळ उघडा आणि मग सायकलच्या पंपाने भरायचा.

रानवाट
प्रेशर स्विचचा स्क्रू फिरवला तर?

आगबोट
तो स्क्रू सगळ्यात शेवटी. जाळी, गाळणी, हवा आणि व्होल्ट हे चारही ठीक असतील तरच, तोही पाव आटा. लोक आधी तोच फिरवतात, मग पंप कधीच थांबत नाही.

वाडीतली
अवांतर होईल, पण लिहिते. आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि एप्रिल-मेमध्ये वाडीत टँकर येतो. जांभ्यातून पाणी निथळून जातं, थांबत नाही. तेव्हा सार्वजनिक विहिरीवर गाडी लावून १०० लिटर भरण्याआधी कोणाला तरी विचारा. कोणी नाही म्हणत नाही, पण विचारलेलं आवडतं. मंदिराच्या नळावर पाइप जोडू नका. हॉटेल किंवा घरगुती खाणावळीत जेवलात तर तिथे आनंदाने भरू देतात.

आणि सिंकचं सांडपाणी पुळणीवर सोडू नका. हिवाळ्यात तर गाडी वाळूत नेऊच नका, गुहागर, आंजर्ले, वेळास इथे कासवं अंडी घालायला येतात.

हेदवीची_बाग
+१. आणि वाळूत रुतलात तर काढायला आमचाच ट्रॅक्टर येतो, त्याचे दर वेगळे.

सोनचाफा
धागा उशिरा बघितला. माझाही प्रश्न जवळपास असाच. टाकी अर्धी असते तरी पंप हवा ओढतो, पण सगळीकडे नाही. आरेवारेच्या चढावर गाडी लावली होती तेव्हा झालं, रत्नागिरीत सपाटीवर काही नाही. गाळणी, रिंग, हवेची नळी सगळं बघून झालं.

आगबोट
चढावर गाडीचं तोंड वर होतं?

सोनचाफा
हो.

आगबोट
टाकीचा निघायचा पाइप पुढच्या बाजूला असणार. तोंड वर केलं की सगळं पाणी मागे जातं, पाइपाचं भोक उघडं पडतं. लांब आणि उथळ टाकीत हे अर्ध्यावरच होतं. गाडी उलटी लावा.

सोनचाफा
उलटी लावून बघितली. खरंच की! आता समुद्र मागच्या खिडकीतून दिसतो एवढंच.

भिरभिरे
लग घासल्यावर पंपावर ११.९ आले. तार परत गेल्यावर बदलेन. सगळ्यांचे आभार. उद्या निघतोय. तवसाळ-जयगड फेरीवर ही गाडी घेतील ना? आणि जाता जाता, ओहोटीला काही त्रास?

हेदवीची_बाग
घेतात, मिनीबस जातात की. ओहोटीला रॅम्पचा उतार जास्त असतो, लांब गाडीची शेपटी घासते. तुमच्या टाकीचा खालचा ड्रेन कॉक किती खाली लोंबतोय ते आजच वाकून बघा.

भिरभिरे
वाकून बघितलं. वीतभर लोंबतोय.

मालवणी_मसालो
भरतीची वेळ इचारून घे आणि जा.